ढोरवाट, पाणी आणि मागचा ब्रेक

नवी मुंबईतल्या खारघरच्या टेकडीवर सायकल घेऊन जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण सिडकोने बांधलेल्या डांबरी रस्त्याने वर चढतात, पठारावर पोहोचल्यावर पनवेलच्या दिशेने दोन-चार फोटो काढतात आणि आले त्याच रस्त्याने सुसाट खाली उतरतात. त्यात वावगे काही नाही. चढण चांगली दमवणारी आहे आणि भल्या पहाटे त्या रस्त्यावर वाहनांची वर्दळही फारशी नसते. मात्र रस्ता सोडून थोडे आत शिरले, की फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्यांच्या आसपास गवतातून, करवंदीच्या जाळ्यांमधून आणि उघड्या कातळावरून जाणाऱ्या पायवाटा लागतात. त्यांची रुंदी जेमतेम हात-दीड हात असते आणि समोरून कोणी आले तर दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. माउंटन बाइक चालवणारे ज्याला सिंगलट्रॅक म्हणतात, तो हाच प्रकार. त्यावर सायकल कशी चालवावी याबद्दल पुष्कळ बोलले जाते, परंतु ती वाट पडली कशी आणि मोडते कशी याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते चालवण्याचे सगळे कौशल्य अखेर याच दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन ठेपते.

या वाटा कोणी आखलेल्या नाहीत. वाड्यांतली गुरे वर्षानुवर्षे ज्या अंगाने चरायला गेली आणि माणसे बाजारहाटासाठी व सरपणासाठी ज्या अंगाने उतरली, त्या अंगाने त्या पडत गेल्या. गुरे सरळ चढ छातीवर घेत नाहीत. ती डोंगराच्या कुशीतून तिरकी चालतात, थोडे चढतात, थोडे सपाट जातात, मध्येच एखाद्या मोठ्या धोंड्याला वळसा घालताना चार पावले खाली उतरतात आणि पुन्हा चढू लागतात. चराईच्या उतारावर गवत सुकल्यानंतर लांबून पाहिले, तर एकाखाली एक अशा बारीक आडव्या पायऱ्या दिसतात, त्या गुरांच्या खुरांनीच तयार झालेल्या असतात. आपल्याला एखादी वाट चालवायला सुरेख वाटते, तिची वळणे अंगाला सहज बसतात, तेव्हा त्याचे श्रेय बहुतेक वेळा कोण्या म्हशीचे असते.

गंमत अशी, की ज्या देशांत अशा वाटा मुद्दाम बांधल्या जातात, तिथले जाणकारही फिरून त्याच ठिकाणी येतात. १९८८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या संघटनेने वाट बांधण्याचे जे संकेत रूढ केले, त्यांतला एक अतिशय साधा आहे: वाटेचा चढ हा त्या जागी डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक असू नये. डोंगराचा उतार ३० टक्के असेल, म्हणजे शंभर मीटर आडवे अंतर जाताना उंची तीस मीटरने बदलत असेल, तर त्यावरून जाणारी वाट १५ टक्क्यांपेक्षा तीव्र नसावी. शिवाय एकंदर वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास राहावा, वाटेची दरीकडची कड किंचित खाली, साधारण ५ टक्के कललेली असावी आणि उतरत्या वाटेला अधूनमधून थोडासा उलटा चढ द्यावा, असेही ते सांगतात. या सगळ्यामागे एकच कारण आहे, आणि ते म्हणजे पाणी. डोंगरावरून पसरून येणाऱ्या पाण्याला वाट ओलांडून पलीकडे जाणे सोपे पडले पाहिजे. वाट जर उताराच्या दिशेनेच जात असेल, तर पाणी ती ओलांडत नाही, तिच्यातून वाहू लागते, वेग घेते आणि सोबत माती घेऊन जाते. धोंड्याला वळसा घालून गुरे जिथे चार पावले उतरून पुन्हा चढतात, तिथे नेमका तो उलटा चढ मिळतो आणि वाटेत साचू पाहणारे पाणी त्या खोलगट जागेतून बाहेर पडते.

आपल्याकडे या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण कोकणपट्टीच्या या भागात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि त्याचा आकडा अडीच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. युरोपातल्या एखाद्या शहरात वर्षभर रिमझिमत जेवढे पाणी पडते, तेवढे आपल्याकडे जुलैच्या एका आठवड्यातही पडू शकते. त्यात टेकडीची जमीन मुरमाड. सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना दख्खनचा काळा कातळ हवापाण्याने झिजत जातो, तेव्हा त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात, मध्ये गोल टणक दगड उरतो आणि भोवतीच्या पापुद्र्यांचा मुरूम होतो. हा मुरूम दाबला गेला की वाट उत्तम पक्की होते, पाणीही लवकर जिरते. परंतु वरचा दाबलेला थर एकदा का उखडला, की खालचा भुसभुशीत भाग पहिल्याच जोरदार सरीत वाहून जातो आणि ते गोल दगड उघडे पडून वाटेत लोळू लागतात. आपण ज्याला घसारा म्हणतो, तो असा तयार होतो.

इथे मागच्या ब्रेकचा संबंध येतो.

पठाराच्या कडेवरून खाली येणारी एक वाट मला विशेष आवडते. सुरुवातीला सायकलच्या हँडलएवढ्या रुंदीचा कातळाचा पट्टा आहे. त्यावर वेग घेऊ नये, कारण तो संपतो तिथे हातभर खोल पायरी आहे आणि पायरीनंतर लगेच डावीकडे वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ऐनाचे एक झाड उभे आहे, मगरीच्या पाठीसारखी साल असलेले. त्याच्या मुळांनी वाटेची बाहेरची कड धरून ठेवली आहे. या वळणावर बहुतेक सायकलस्वार काय करतात, ते त्या जमिनीवर स्पष्ट वाचता येते. पायरी उतरल्यावर वेग वाढलेला असतो, वळण अंगावर येते आणि घाबरून मागचा ब्रेक पूर्ण दाबला जातो. उतारावर शरीराचा आणि सायकलचा भार पुढच्या चाकाकडे गेलेला असतो, मागचे चाक हलके झालेले असते, त्यामुळे ते सहज अडते आणि फिरण्याऐवजी फरपटत जाते. फरपटणाऱ्या चाकाची जमिनीवरची पकड फिरणाऱ्या चाकाहून कमी असते, म्हणजे ज्या हेतूने ब्रेक दाबला तो तर साधत नाहीच, वर सायकलचा मागचा भाग वळणाच्या बाहेर निघू लागतो. दिसायला ते चित्तथरारक असते आणि मोबाइलवरच्या चित्रफितींमध्ये तर धूळ उडवत मागचे चाक फिरवणे म्हणजेच कौशल्य असा समज करून देण्यात येतो. प्रत्यक्षात त्या दीड-दोन मीटरच्या फरपटीने वाटेचा दाबलेला थर खरवडून निघतो आणि एक उथळ चर पडतो. शनिवार-रविवारी चार-सहा जणांनी त्याच जागी चाक फरपटवले, की तो चर बोटभर खोल होतो. त्यानंतरचे काम जूनचे पाणी करते.

वास्तविक या वळणावर करायचे ते उलट आहे. वेग जो काही कमी करायचा तो कातळाच्या पट्ट्यावर, सायकल सरळ रेषेत असताना करावा, आणि त्यासाठी पुढच्या ब्रेकवर विश्वास ठेवावा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला एक बोट पुरते. तर्जनी लिव्हरच्या टोकावर ठेवून तो हळूहळू दाबत न्यायचा, झटका द्यायचा नाही. त्याच वेळी दोन्ही पॅडल समपातळीवर, सीट खाली घेतलेली, कंबर किंचित मागे, कोपरे बाहेर आणि गुडघे सैल, असा देह ठेवावा, म्हणजे भार दोन्ही चाकांवर वाटला जातो आणि मागचे चाकही जमीन धरून राहते. पायरी उतरताना ब्रेक सोडून द्यावा, कारण चाक फिरत असेल तरच ते पायरीवरून सुखरूप उतरते. नजर ऐनाच्या झाडावर ठेवू नये. सायकल नजरेमागे जाते, हे कितीही वेळा ऐकले असले तरी त्या झाडासमोर ते नव्याने पटते. वळणाच्या पलीकडे वाट जिथून पुन्हा दिसू लागते तिथे पाहावे, सायकल आतल्या बाजूला कलू द्यावी आणि बाहेरच्या पायावर भार द्यावा. इतके जमले, की वळण पूर्ण झाल्यावर मागे वळून पाहावे: जमिनीवर टायरच्या नक्षीचा एक सलग पट्टा उमटलेला दिसतो, कुठेही पुसट किंवा खरवडलेला नसतो. मला विचाराल तर एखाद्याला सायकल चालवता येते की नाही हे वेगापेक्षा त्या पट्ट्यावरून अधिक नेमके कळते.

वळणानंतरचा टप्पा घसाऱ्याचा आहे आणि तिथे मात्र थोडा वेग हवाच. अगदी हळू गेले तर पुढचे चाक प्रत्येक गोल दगडावरून वेगवेगळ्या दिशेला वळू पाहते आणि तोल जातो. मध्यम वेगात ते दगडांवरून तरंगत जाते. हँडल घट्ट आवळून धरण्याचा मोह टाळावा लागतो. सायकलला दोन-चार इंच इकडेतिकडे भटकू द्यावे, ती आपोआप सरळ होते. शेवटी एक ओहळ लागतो. दिवाळीनंतर तो कोरडा असतो, परंतु त्याच्या दोन्ही काठांची माती नाजूक आहे, म्हणून तिथे मी उतरते आणि सायकल उचलून पलीकडे नेते. याला काही जण हसतात. हसू देत.

सायकलबद्दल थोडक्यात सांगते, कारण या विषयावर लोक गरजेपेक्षा अधिक खर्च आणि चर्चा करतात. या टेकडीसाठी फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, म्हणजे हार्डटेल, सायकल पुरेशी आहे; सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद टायर आणि चांगले डिस्क ब्रेक असले की झाले. खरी सुधारणा फुकटात होते आणि ती हवेच्या दाबात आहे. पंक्चरच्या दुकानात टायर अंगठ्याने दाबून ‘कडक झालं’ म्हणेपर्यंत हवा भरतात आणि तेवढा दाब डांबरी रस्त्यासाठी ठीक असतो, परंतु मुरमावर असा टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि पकड सोडतो. ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवते. माझ्याहून वजनदार माणसाने थोडी अधिक ठेवावी. ट्यूब असेल तर मात्र इतके खाली येता येत नाही, कारण दगडाच्या धारेवर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. ट्यूबलेसमध्ये आत घातलेले लॅटेक्सचे सीलंट बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांनी पडलेली बारीक छिद्रे जागच्या जागी बुजवते. हे सीलंट उन्हाळ्यात लवकर आटते, तेव्हा मार्च आणि मे या दोन्ही महिन्यांत ते तपासलेले बरे.

ब्रेकच्या विषयावर असताना या खेळाच्या जन्माची आठवण होणे अपरिहार्य आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही तरुण १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवीत असत. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेला, पॅडल उलटे फिरवून लागणारा ब्रेक होता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली त्या उताराचे नाव ‘रीपॅक’ पडले, कारण एकदा खाली येईपर्यंत त्या ब्रेकमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि तुंबा उघडून पुन्हा नव्याने भरावे लागे. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या तरुणाने खास अशा वापरासाठी पहिल्यांदा नवी चौकट घडवली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीला प्रवेश मिळाला. एवढा भाग सगळे सांगतात. न सांगितला जाणारा भाग असा, की त्याच मरिनमध्ये ऐंशीच्या दशकात पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात वाटांवरून कडाक्याचे वाद झाले आणि तिथल्या बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद करण्यात आल्या. सायकलस्वार वेगाने अंगावर येतात आणि वाटांची धूप करतात, ही त्यामागची मुख्य तक्रार होती. वर उल्लेख केलेली संघटना याच वादांच्या पोटी जन्माला आली. खेळ जिथे सुरू झाला तिथेच तो बाहेर काढला गेला, हे खारघरमध्ये सायकल चालवणाऱ्याने विसरू नये.

कारण इथे तर आपला हक्क त्याहून कितीतरी कमी आहे. टेकडीवरच्या पायवाटा वाड्यांतल्या लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला वाटेच्या बाजूला करवंदीत उतरायला लावून आपण पुढे जाणे, यासारखे लाजिरवाणे दुसरे काही नाही. चढणारा असो की उतरणारा, सायकलस्वाराने थांबायचे, पाय जमिनीवर टेकवायचा आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचे, हा आमच्या गटात नियम आहे. गुरे समोर आली तर दरीकडच्या बाजूला नव्हे, डोंगराकडच्या बाजूला उभे राहायचे, म्हणजे बुजलेल्या जनावराने धक्का दिला तरी आपण खाली जात नाही. हे मला तिथल्या एका वयस्क गुराख्याने सांगितले. त्यांच्याशी ओळख झाली तीही अशीच वाटेत थांबल्यामुळे.

“काका, ही वाट खालपर्यंत जाते का?” मी विचारले होते.

“जाते की. पण तुमची गाडी न्यायची तर पाऊस संपू द्या, ताई. आता नेलीत तर वाट राहायची नाही.”

त्यांना वाटेची काळजी आमच्यापेक्षा अधिक आहे, कारण वाट चिखलात गेली तर आम्ही डांबरी रस्त्याने जाऊ शकतो, त्यांच्या गुरांना दुसरीकडून जावे लागते.

त्यांचे म्हणणे ऋतुमानाच्या हिशेबात तंतोतंत बसते. जूनच्या पहिल्या सरींत वर्षभराची धूळ आणि पाणी यांचा लगदा होतो, तो टायरला चिकटतो, चाक आणि चौकट यांच्यामध्ये भरून राहतो आणि सायकलने वाटेची माती अक्षरशः उचलून नेली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये कातळावर शेवाळ धरते आणि त्यावर कोणताही टायर टिकत नाही. या काळात पांडवकडा धबधब्याच्या बाजूला तर फिरकूही नये. दुर्घटनांमुळे पावसाळ्यात तिकडे जाण्यास बंदी घातली जाते, आणि ती योग्यच आहे. भाद्रपदात गवत कमरेइतके वाढते, तेरड्याची गुलाबी फुले वाटेवर झुकतात, दृश्य मनोहारी असते, परंतु पायाखाली काय आहे ते दिसत नाही आणि घोणस किंवा फुरसे गवतातच असते. अशा वेळी पायी जावे, तेही काठी आपटत. ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन टणक झाली, की सायकलचा हंगाम सुरू होतो आणि दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तो उत्तम चालतो. जमीन तयार झाली की नाही हे पाहण्याची माझी पद्धत साधी आहे: वाटेवर टाच दाबून फिरवायची. ठसा खोल उमटला, कडेला माती उचलली गेली, तर त्या दिवशी डांबरी रस्ता.

होळीच्या आगेमागे वेगळीच अडचण येते, ती वणव्यांची. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि उतारच्या उतार रात्रीतून काळा होतो. त्याची हळहळ झाडांसाठी वाटतेच, परंतु वाटेसाठीही वाटावी, कारण गवताची मुळे आणि वरचा पालापाचोळा यांनीच पावसाचा पहिला मार अंगावर घेतलेला असतो. वणवा गेलेल्या उतारावर जूनचे पाणी अडवायला काहीच उरत नाही. सिगारेटचे थोटूक टाकणाऱ्याला हे कोणी सांगावे, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. सायकलस्वारांनी टेकडीवर चूल पेटवून चहा करण्याची हौस मात्र सोडावी, हे सांगण्याचा अधिकार मला नक्कीच आहे.

याच दिवसांत पठारावर टिटवीची वीण चालू होते. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या खडकाळ जमिनीवरच्या जरा खोलगट जागेत ती तीन-चार अंडी घालते आणि मातकट रंगावर काळे ठिपके असलेली ती अंडी भोवतीच्या खड्यांमध्ये अशी मिसळून जातात, की दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. नर किंवा मादी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडू लागली, की आपण घरट्याच्या जवळ आहोत एवढे समजावे आणि वाट न सोडता, न थांबता पुढे जावे. पठार सपाट आहे म्हणून कुठूनही सायकल हाकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ठाण्याचे मित्र येऊरचे कौतुक करतात आणि ते रास्त आहे. उपवन तलावापासून वर चढणाऱ्या त्या घाटाइतकी सावली खारघरला मिळत नाही. परंतु येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथल्या आतल्या पायवाटा परवानगीशिवाय आपल्यासाठी नाहीत आणि त्या जंगलात बिबटे आहेत. पहाटेच्या अंधारात दिवा लावून त्या वाटांवर शिरण्यात काय शौर्य आहे हे मला समजलेले नाही. डांबरी रस्त्यापुरते येऊर सुरेख आहे.

आमच्या वाटेचा नकाशा मात्र मी कोणाला पाठवत नाही आणि सायकलफेऱ्या आणि वेग नोंदवणाऱ्या स्ट्रावा या ॲपवर त्या टप्प्याची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवत नाही. यावरून मला कंजूष ठरवण्यात आले आहे. माझे म्हणणे इतकेच, की ज्याला वाटेवर यायचे आहे त्याने एकदा सोबत यावे, चालत यावे, ऐनाचे वळण पाहावे आणि मग सायकल आणावी. वेगाच्या क्रमवारीत नाव चढवण्यासाठी अनोळखी वाटेवर आलेला माणूस मागचा ब्रेकच दाबणार. डर्ट बाइकवाले तर सांगण्याच्या पलीकडचे आहेत. इंजिनाच्या जोरावर मागचे चाक फिरवत ती गाडी एका चढणीत जितकी माती फेकते तितकी आमचा अख्खा गट हंगामभरात उकरत नसेल. अर्थात, पारसिकच्या डोंगराला खाणींनी पोखरलेले आणि विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केलेली पाहिलेल्या या शहरात, हातभर वाटेच्या धुपीवर इतके लिहिणे कोणाला हास्यास्पद वाटू शकते. वाटो. खाण माझ्या हातात नाही, ब्रेक आहे.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, आम्ही काही जण कुदळ आणि घमेले घेऊन वर जातो. काम फार मोठे नसते. वाटेच्या दरीकडच्या कडेला हंगामभरात मातीचा जो बारीक बांध तयार झालेला असतो तो फोडायचा, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जागा मिळते. जिथे उतार लांबलचक सलग आहे तिथे तिरका उथळ चर काढायचा. आणि ओहळाच्या काठांवर पायापुरते सपाट दगड बसवायचे. चर वाटेला काटकोनात काढला तर तो गाळाने लगेच भरतो, तिरका काढला तर पाणीच तो साफ ठेवते, ही युक्ती भातखाचरातले पाणी वळवणाऱ्याला सांगावी लागत नाही. आमच्यातल्या आयटीवाल्यांना ती दोन-तीनदा सांगावी लागली.

सर्वांत चिवट काम शॉर्टकट बंद करण्याचे आहे. ऐनाच्या वळणाच्या वर, वळसा टाळण्यासाठी कोणीतरी सरळ उताराने एक वाट पाडली आहे. तिची लांबी मूळ वाटेच्या निम्मीही नाही आणि पहिल्या पावसातच तिची घळ होऊ लागली. आम्ही तिच्या तोंडावर दगड रचले. ते पुढच्या रविवारपर्यंत बाजूला सारलेले होते. ‘कृपया या वाटेने जाऊ नये’ असा फलक लावला. तो नाहीसा झाला. त्या गुराखीकाकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी काही न बोलता शेजारच्या वाळलेल्या बोरीच्या फांद्या कोयत्याने ओढून आणल्या, काटे वरच्या अंगाला येतील अशा आडव्या टाकल्या आणि वर एक धोंडा ठेवला. त्यानंतर तिथून कोणी गेलेले नाही. घळीत या पावसाळ्यात गवत उगवले आहे.